कोटवाराच्या वहीतली माणसे

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे पोलादाच्या धगधगत्या भट्ट्या उभ्या राहतात. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि नगराचा इतिहास जणू तेथूनच सुरू झाला. परंतु त्यापूर्वी दुर्गच्या पूर्वेस, मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दुतर्फा, भातखाचरांची गावे होती. कारखान्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा मोबदल्याची बोलणी जिवंतांशी झाली. तेथल्या मातीत निजलेल्यांशी कोण बोलणार?

दफन म्हणजे ख्रिस्ती किंवा मुसलमान, ही समजूत येथे टिकत नाही. महाराष्ट्रात लिंगायत, गोसावी, महानुभाव मृतास भूमी देतात; छत्तीसगडात तीच रीत अनेक कबीरपंथी व सतनामी घरांत आहे. तान्ह्या बालकांना तर पुष्कळ हिंदू घरांतही मातीच दिली जाते. अशा जागी कोरीव दगड क्वचितच असतो. साहेबांचे नशीब या बाबतीत थोर! मध्यप्रांत-वऱ्हाडातील त्यांच्या थडग्यांवरील लेखांची क्रॉफ्टनकृत यादी १९३२ साली प्रसिद्धही झाली. शेतकऱ्याची यादी कोण करणार?

ती कोटवाराने केली. विदर्भातील मंडळींना ‘कोतवाल बुक’ ठाऊक आहे; छत्तीसगडची कोटवारी वही तिचीच बहीण. गावाचा पहारा करणारा हा अल्पवेतनी सेवक जन्ममृत्यूची वार्ता पोलीस ठाण्यावर पोहोचवी. स्वतः त्याला अक्षरओळख नसली, तर दुसरा कोणी लिहून देई. मृताचे नाव, बापाचे नाव, जात, तारीख, मरणाचे कारण. कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द : ताप. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्यप्रांतात भयंकर संहार केला. नोंदणारेच अंथरुणास खिळल्यावर त्या वर्षीच्या नोंदींत खिंडारे पडली, यात नवल नाही.

ख्रिस्ती माणसाचा शोध त्या मानाने सोपा. चर्चच्या दफन-नोंदवहीत बहुधा नाव आणि जागा यांची गाठ पडते. कोटवाराच्या वहीत मात्र नाव मिळते, जागा मिळत नाही. जागेसाठी महसुली दप्तर उघडावे लागते. गावाच्या निस्तार पत्रकात गुरचरण, तळे, श्मशान, दफनभूमी यांसाठी राखलेल्या जमिनी सर्व्हे क्रमांकासह असतात. तेथे जागा आहे, पण नाव नाही. दोन्ही कागद जुन्या नकाशावर ताडून पाहावेत, तेव्हा कोठे आजोबांची माती अदमासे सापडते. मग तिच्यावर कदाचित एखादा रस्ता असेल.

हा खटाटोप केवळ भावनेचा नाही. ज्या घरात शाळेचे तोंड कोणी पाहिले नाही, तेथे जातीचा १९५० पूर्वीचा लेखी पुरावा शाळेच्या दाखल्यात कोठून मिळणार? तो कित्येकदा बालपणीच दगावलेल्या एखाद्या चुलत्याच्या मृत्युनोंदीत मिळतो. सहा महिन्यांचे ते मूल असे पुतण्याच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून जाते.

नक्कल मागणाऱ्याने मात्र आधी घरातील म्हाताऱ्यांना जुन्या गावाचे नाव विचारावे. नोंदी गाववार आहेत. नुसत्या ‘भिलाई’च्या नावाने शोधणाऱ्यास आसपासच्या गावांतली माणसे सापडायची नाहीत.