समुद्राची शिल्लक
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मासळीचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. गोमंतकात तो परका मात्र खासच नाही. आज मी आपणांस दूरच्या समुद्राकडे नेणार आहे. तेथील हकीकत आपल्या किनाऱ्यास ओळखीची वाटेल.

कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड बेट आहे. त्याच्या भोवतालच्या समुद्रात सुमारे पाचशे वर्षे कॉड माशाची मासेमारी चालली. किनाऱ्यावरचे मच्छीमार लहान होड्यांतून गळ व जाळी लावीत. हिवाळ्यात दूर, खोल पाण्यात जमणाऱ्या थव्यांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नसे. त्या माशाचे संरक्षण कोणत्याही कायद्यापेक्षा या असमर्थतेनेच अधिक केले, असे मला वाटते. 1954 साली ‘फेअरट्राय’ हे ब्रिटिश जहाज कामाला लागले. जाळे ओढणे, मासा कापणे, गोठवणे, सारे जहाजावरच. त्यामागून अनेक देशांची तशीच जहाजे आली. 1968 मध्ये तेथील उत्तरेकडच्या कॉडची पकड 8 लाख टनांवर गेली. दहा वर्षांत ती दीड लाखाच्याही खाली आली.

1977 साली कॅनडाने 200 सागरी मैलांची हद्द जाहीर केली. परकी जहाजे हटली, तेथे स्वदेशी ट्रॉलर आले. पुढची चूक हिशेबाची होती. ट्रॉलरला ठराविक वेळात किती मासा मिळतो, यावर साठ्याचा अंदाज बराचसा अवलंबून असे. परंतु उरलेला कॉड एकवटून राहतो आणि ध्वनिलहरींची यंत्रे त्याला नेमका हुडकतात. समुद्र रिता होत असताना जाळी भरतच राहिली. मासा थोडा झाला, लहान झाला, असे किनाऱ्यावरचे लोक सांगत होते. त्यांच्याजवळ आकडे नव्हते, म्हणून त्यांचे कोणी मनावर घेतले नाही.

2 जुलै 1992 रोजी ही मासेमारी बंद झाली. म्हणे दोन वर्षांसाठी! सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी 2024 मध्ये उठली, तीही 18 हजार टनांच्या मर्यादेवर. लाखो अंडी घालणाऱ्या मोठ्या, वयस्क माद्या आधीच संपल्या होत्या. उरलेले मासे लहान वयात व लहान आकारातच प्रजननक्षम होऊ लागले होते. शिवाय कॉडचे भक्ष्य असलेला कॅपेलिन हा छोटा मासाही घटला होता.

आपल्याकडे ट्रॉलर आल्यावर सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. 1980 साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीविषयी आपण सारे जाणताच.

डॅनियल पॉली या शास्त्रज्ञाने 1995 साली एक मार्मिक गोष्ट मांडली : प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्रच भरलेला मानते. आधी काय होते, हे मग जुन्या कागदांवाचून कळत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी रापणीच्या वाटणीच्या वह्या असतील, त्या वाळवीच्या तोंडी न देता ग्रंथपालांकडे आणून द्याव्यात. अक्षर लागत नसले, तरी आणावे.