पेटीतील कलगी आणि कसर
(महोत्सवी सभेतील भाषण)



न्यासाच्या या महोत्सवी सभेत घरोघरच्या जुन्या वस्त्रांविषयी चार शब्द सांगावेत अशी सूचना झाली आणि ती आम्ही आनंदाने मान्य केली. जुने दागिने आणि जमिनीचे कागद जपा, असे कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु पेटीच्या तळाशी पगडीबरोबर गुंडाळून ठेवलेली कलगी, आजोबांच्या लग्नातला तुरा, देवाच्या पालखीपुढचे मोर्चेल आणि चवरी, मुंजीतले मृगाजिन यांची आठवण पेटी उघडावी तेव्हाच होते. आणि पुष्कळदा त्या दिवशी हाती नुसती काडी येते, पीस नव्हे.

पांढुर्णा आणि सौंसर हे 2023 सालापासून मिळून एक जिल्हा झाले. आपला कारभार मध्य प्रदेशाचा, पण घरातील बोली आणि सणवार वऱ्हाड-नागपूरकडचे. ही वहिवाट पुस्तकांत थोडी आणि पेट्यांत फार आहे. पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाची मोरपिसांची उंच टोपी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. पोळ्याला बैलाच्या साजात मोरपिसे खोवतात. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. तिकडे आदिलाबादच्या गोंड बांधवांत दिवाळीच्या दंडारीला गुसाडी नर्तक मोरपिसांचा भव्य मुकुट घालतात आणि अंगावर बकऱ्याचे कातडे घेतात. पीस आणि केस ही आपल्या लोकांची राजवस्त्रे होत.

आता पिसाचा स्वभाव पाहू. पीस, केस, लोकर, शिंग आणि आपली नखे ही सारी एकाच द्रव्याची बनतात. त्याला केराटिन म्हणतात. जिवंत मोर दरसाल पिसारा गाळतो आणि त्याला नवा फुटतो. पण टोपीवरचे पीस एकदा गेले की गेले. म्हणून येथे दुरुस्तीपेक्षा राखण मोठी.

मोरपिसाचा निळा-हिरवा रंग हा रंगाऱ्याने चढवलेला रंग नव्हे. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो रंग दिसतो. नोकरीनिमित्त काही काळ नागपुरात राहिलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पक्ष्यांच्या पिसांतील रंगांवर 1934 साली निबंध लिहिला होता. या रचनेमुळे मोरपीस सहसा विटत नाही, पण ती रचना चुरगळली की झळाळी जाते. उलट रंगवलेली पिसे उन्हाने फिकी पडतात आणि बगळ्याची पांढरी पिसे पिवळी पडतात. भाद्रपदाच्या उन्हात सारी पेटी पसरण्याची जुनी रीत सुती कापडाला चांगली. पिसांना मात्र सावलीतील वाराच पुरे.

पिसाचा खरा वैरी कसर. भिरभिरणारा लहान पतंग कापड खात नाही. त्याची अळी खाते. तिच्या जोडीला एका लहान किड्याची केसाळ अळीही येते. दोघींनाही अंधार, घडी, घाम आणि तेलाचे डाग आवडतात. म्हणून कलगी घामट पगडीला खोचलेली तशीच ठेवू नये. पेटीत बारीक भुसा, रेशमासारखे जाळे किंवा किड्याची रिकामी कात दिसली तर समजावे की पाहुणे आले आहेत.

दुसरा वैरी ओल. पोळा येतो तो ऐन पावसाळ्यात. ओला साज संध्याकाळी पेटीत गेला की आठ दिवसांत बुरशी धरते. साज आधी पंख्याखाली पुरता सुकवावा, मगच आवरावा.

आता उपाय. वेखंडाची पुरचुंडी आणि कडुलिंबाचा वाळला पाला ठेवण्याची आपल्या आज्यांची पद्धत वाईट नाही. त्या वासाने पतंग काही काळ दूर राहतो. परंतु घातलेली अंडी त्याने मरत नाहीत. शिवाय पाला वाळून चुरा होतो आणि पिसांत अडकतो. म्हणून तो कापडी पुरचुंडीत बांधून, पिसांना न लागेल असा कोपऱ्यात ठेवावा.

डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. त्या गोळ्यांत ठेवलेले वस्त्र बाहेर काढून लगेच तान्ह्या बाळाला घालू नये. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते, आणि अशा बालकाचे रक्त त्या वासाने नासते. बारशाला जुनी कुंची काढण्याची हौस असते, म्हणून ही गोष्ट घरातील प्रत्येक स्त्रीने लक्षात ठेवावी. पूर्वी पेट्यांत डीडीटीची पूड टाकत, आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांना सोमलाचा लेप देत. अशी जुनी वस्तू हातमोजे घालून हाताळावी, नंतर हात धुवावेत आणि ती मुलांच्या खेळात देऊ नये.

कसर लागलीच तर औषधावाचून उपाय आहे. वस्तू मऊ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी, हवा काढून तोंड घट्ट बंद करावे आणि शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये. नाही तर दव धरते. रंगकाम, मेण किंवा अभ्रक लावलेल्या वस्तूला मात्र हा उपाय जाणत्याला विचारूनच करावा.

रोजच्या ठेवणीचे नियम थोडे आहेत. पिसाला पाणी लावू नये. मऊ ब्रशाने दांड्याकडून टोकाकडे हलके झटकावे. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण त्या कागदातील आम्ल आणि शाई वस्त्राला बाधते. धुतलेले, खळ गेलेले मांजरपाट उत्तम. प्लॅस्टिकची पिशवी कायमची ठेवण्यास वाईट. तिच्यात ओल कोंडते. टोपी आडवी दाबू नये; आत कापडाचा बोळा भरून उभी ठेवावी. त्यासाठी लोखंडी पेटी चालेल, पण ती भिंतीला आणि जमिनीला चिकटलेली नसावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पेटी उघडून पाहावी.

एक गोष्ट कायद्याची. बगळ्यांच्या पिसांसाठी एके काळी युरोपात इतकी मागणी होती की 1902 साली हिंदुस्थानातून पिसांची निर्यात बंद करावी लागली. मोर 1963 साली राष्ट्रीय पक्षी झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा ठरली. काळवीट आणि चितळ यांच्या कातड्यांनाही तोच कायदा लागू आहे. म्हणून जुने मृगाजिन कोणास विकू वा देऊ नये; दाखल्याविषयी वनखात्यास विचारावे. आणि जुन्या कलगीत नवे पीस बसवण्यासाठी कोणा पक्ष्याला त्रास होऊ नये, हे आपल्या धर्मबुद्धीलाही शोभेल.

न्यासापुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. पहिली, ज्या घरी अशी वस्तू आहे तिची नोंदवही करावी: वस्तू काय, कोणी कोणत्या प्रसंगी वापरली, केव्हा दुरुस्त केली. पीस टिकले आणि गोष्ट हरवली, तर अर्धीच वस्तू हाती राहते. दुसरी, प्रदर्शनात अशी वस्तू मांडायची तर काचेआड, मंद प्रकाशात आणि थोडेच दिवस मांडावी. तिला हात लावू देऊ नये. अधिक मार्गदर्शन लागल्यास नागपूरचा अजब बंगला 1863 पासून आणि छिंदवाड्याचे बादल भोई आदिवासी संग्रहालय 1954 पासून हेच काम करीत आले आहे. तेथे जाऊन विचारण्यात संकोच नको.

न्यासाने आजवर माणसांची काळजी वाहिली. त्या माणसांनी डोक्यावर मिरवलेल्या चार पिसांची काळजी घेण्यास खर्च फारसा नाही. हवे आहे ते एक धुतलेले मांजरपाट, एक मऊ ब्रश आणि वर्षातील दोन सकाळी. तेवढे आपण सर्व कुटुंबांनी द्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.