पारितोषिक हुकलेल्या मुलास आलेले पत्र
(वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात वसई येथे केलेले भाषण)



खेळ आणि विद्यार्थी या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. खेळाने शरीर सुदृढ होते वगैरे गोष्टी आपण सर्व जाणताच. आम्ही आज केवळ एका पत्राविषयी बोलणार आहोत.

1987 साली मुंबई क्रिकेट असोसिएशनचे सर्वोत्कृष्ट कनिष्ठ खेळाडूचे पारितोषिक चौदा वर्षांच्या सचिन तेंडुलकरास मिळाले नाही. मुलगा खट्टू झाला. अशा वेळी त्याच्या हाती सुनील गावसकरांचे पत्र पडले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अहमदाबाद येथे गावसकरांनी कसोटी सामन्यांतील 10,000 धावा पूर्ण केल्या होत्या. तोवर जगात कोणासही हे साधले नव्हते. एवढ्या थोर पुरुषाने एका शाळकरी मुलास काय लिहावे? पारितोषिक हुकले म्हणून निराश होऊ नकोस. आजवरच्या मानकऱ्यांची यादी पाहिलीस तर तीत एक नाव तुला आढळणार नाही, आणि त्या गृहस्थाची कसोटीतील कामगिरी काही वाईट झाली नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. ते न आढळणारे नाव अर्थातच खुद्द गावसकरांचे!

आम्हांस या पत्राचे मोल वाटते ते येथे. मोठी माणसे लहानांस धीर देतात तेव्हा बहुधा आपल्या यशाच्या कथा सांगतात. गावसकरांनी आपले हुकलेले पारितोषिक त्या मुलाच्या हुकलेल्या पारितोषिकाशेजारी नेऊन ठेवले. त्यांनी स्वतःचे वजनाने हलके असे पॅडही त्यास दिले. पुढे 2005 च्या डिसेंबरात दिल्लीस पस्तिसावे कसोटी शतक झळकावून सचिनने गावसकरांचाच 34 शतकांचा विक्रम मागे टाकला, तेव्हाही त्या पॅडांची आठवण त्याने कृतज्ञतेने काढली.

हे ऋण पुढे आपल्या विरारपर्यंत कसे येऊन पोहोचले, तेही ऐका. विरारचा पृथ्वी शॉ चार वर्षांचा असताना मातृसुखास मुकला. वडील त्यास सरावासाठी वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर नेत असत. रेल्वेने हे अंतर सुमारे 45 किलोमीटर. सकाळच्या गाडीत बॅट-पॅडांची थैली घेऊन लहान मुलाने चढणे म्हणजे काय, हे या सभेस समजावून सांगावयास नको. विरार गाडीत मोकळ्या हातांनी उभे राहणे हाही एक व्यायामच आहे.

हा मुलगा आठेक वर्षांचा असताना एका स्नेह्याच्या सांगण्यावरून तेंडुलकरांनी त्याचा खेळ पाहिला. हा पुढे भारताकडून खेळेल, असे त्यांनी त्या स्नेह्यास सांगितले. मुलास मात्र एवढेच बजावले की, बॅट धरण्याची तुझी पद्धत आणि उभे राहण्याची ढब कोणाच्याही सांगण्याने बदलू नकोस. कोणी आग्रह धरलाच तर त्यास माझ्याकडे पाठव. नुसते कौतुक कोणीही करील. येथे एका विख्यात खेळाडूने परक्या मुलाची जबाबदारी शिरावर घेतली.

4 ऑक्टोबर 2018 रोजी राजकोट येथे वेस्ट इंडीजविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटीत पृथ्वीने 134 धावा केल्या. वय 18 वर्षे 329 दिवस. पुढची वाट मात्र सरळ राहिली नाही. 2019 मध्ये निषिद्ध द्रव्याच्या सेवनावरून त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. 2020 च्या डिसेंबरातील ॲडलेडच्या सामन्यानंतर कसोटी संघातील जागा गेली. 2025 मध्ये मुंबई सोडून तो महाराष्ट्राच्या संघात दाखल झाला. मग तेंडुलकरांचा शब्द वाया गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो शब्द आठ वर्षांच्या मुलाची त्या वेळची गरज ओळखून दिलेला होता. व्याजासह परत मिळावे असे ते कर्ज नव्हते.

आपली संस्था गुणवंतांस प्रतिवर्षी पारितोषिके देते आणि स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे छापते. ते योग्यच. परंतु दोन-चार गुणांनी जो मागे राहतो त्याच्या वाट्यास घरी काय येते? “शेजारच्यास मिळाले, मग तुलाच का नाही?” हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे, आणि पुढे विचारलाही आहे.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने एक लहानशी योजना मांडतो. यंदा अर्ज करूनही पारितोषिक न मिळालेल्या मुलांची यादी कार्यवाहांनी तयार केली आहे. दाराशी मेजावर पोस्टकार्डे ठेवली आहेत. प्रत्येक वडीलधाऱ्याने एक नाव निवडावे आणि आपले स्वतःचे काय हुकले होते ते त्या मुलास लिहावे. उपदेश लिहू नये. कार्डावर जागा थोडी असते. पत्ता कार्यवाह घालतील.