कौतुकाचे दोन शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. नाताळला त्यांच्या करंज्या आमच्याकडे येतात, ईदला आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो. काही वर्षांपूर्वी त्या पती-पत्नीच्या लग्नाला 25 वर्षे झाली. घरीच आभारप्रार्थना ठेवली होती. गीते झाली. मग पाळकसाहेबांनी बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा 31 वा अध्याय वाचला. त्यात कर्तबगार गृहिणीचे वर्णन आहे. ती पहाटेपूर्वी उठते, लोकर कातते, शेत पारखून विकत घेते, गरिबाला हात देते. आणि शेवटी तिची मुले आणि नवरा तिची वाखाणणी करतात. वाचन संपवून पाळकसाहेब हसत म्हणाले, ‘‘आता नवऱ्याचे काम तेवढे राहिले.’’

शेजारी उठले. मुळात अबोल माणूस. म्हणाले, ‘‘माझा कारखाना बंद पडला तेव्हा ही रात्रभर शाळेचे गणवेश शिवायची. आणि माझ्या आईला सांगायची, पैसे यांनीच आणलेत. मला ते ठाऊक होतं. देवाचे आभार मी रोज मानले. हिचे मानायचे राहून गेले.’’

सगळे गप्प झाले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, ‘‘अहो, आता आमेन म्हणा आणि बसा!’’

त्या रात्री मला स्तुती आणि कौतुक यांतला फरक कळला. सुगरण, सुशील, सोशिक ही विशेषणे कुणालाही चिकटवता येतात. शेजाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट फक्त त्या एका बाईची होती. खऱ्या कौतुकाला आधी नीट पाहावे लागते. आणि पाहिलेले, ज्याचे त्याच्या समोर, बोलावे लागते.

आमच्याच गावात राहिलेले एक जोडपे या वेळी आठवते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. पुढे संसार पुन्हा जुळला आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला. त्यात नवऱ्याची आरती नाही. टिळकांचा तापटपणा आहे, व्यवहारातला भोळेपणा आहे, घरातल्यांची त्यापायी झालेली ओढाताण आहे. तरीही वाचून झाल्यावर मनात राहते ते त्या माणसाचे मोठेपण. दोष लपवले नाहीत, म्हणून गुणांवर विश्वास बसतो. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मोठेपणी अक्षरे गिरवायला शिकलेल्या बाईने पतीचे असे कौतुक केले.

श्रोतेहो, आता माझी कबुली. माझे तीन कवितासंग्रह निघाले. प्रत्येकात ऋणनिर्देशाचे पान आहे. गुरुजन आहेत, मित्र आहेत, मुखपृष्ठ करणारा चित्रकार आहे. पत्नीचे नाव कुठेच नाही. एकदाच ती म्हणाली होती, ‘‘छापणाऱ्याचंसुद्धा आहे की!’’ मी हसण्यावारी नेले. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसे घरातल्या माणसाचे मोल घरात होत नाही.

माझी प्रत्येक कविता ती पहिल्यांदा ऐकते. भाजी निवडता निवडता ऐकते आणि फक्त ‘हं’ म्हणते. तो ‘हं’ जरा लांबला की ओळ कुठेतरी खोटी झाली आहे, हे मला समजते. कितीतरी ओळी मी त्या एका अक्षरावर खोडल्या आहेत.

शेजाऱ्यांकडून परतलो आणि तिला हे सगळे सांगितले. शब्दांवर जगणारा माणूस, पण जीभ अडखळत होती. तिने ऐकून घेतले. म्हणाली, ‘‘आज काय, बिर्याणी जास्त झाली का?’’ आणि आत गेली. थोड्या वेळाने आतूनच विचारले, ‘‘हे चौथ्या पुस्तकात छापणार, की नुसतंच बोलणार?’’

चौथा संग्रह अजून व्हायचा आहे. ऋणनिर्देशाचे पान मात्र मी आधीच लिहून ठेवले आहे. तिला वाचून दाखवले तेव्हा ‘हं’ लांबला नाही.