खालून वारा लागला पाहिजे
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील बोलणे)



आज वाळवणाच्या मांडणीबद्दल बोलायचंय. पण आधी माझी एक चूक सांगते.

गेल्या हिवाळ्यात एका गटाने सुकी मेथी विकायचं ठरवलं. अंतर्गत कर्ज काढून 800 रुपयांची मेथी आणली, निवडून 15 किलो पाला निघाला. "गच्चीवर ताडपत्री टाका आणि पसरा," असं मीच सांगितलं. दिवसा उन्हाने वरचा पाला पिवळा पडला, रात्री त्यावर दव पडलं. ताडपत्रीला टेकलेला पाला ओलाच राहिला. तिसऱ्या दिवशी उलटून बघितलं तर काळा, कुबट वासाचा. सगळा उकिरड्यावर गेला. हप्ता मात्र त्या बायकांनी मजुरीतून फेडला. मला कोणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "पोरी, चाळीत कांदा कसा टिकतो? खालून वारा लागतो म्हणून. मग पाल्याला नको का वारा?" त्याच आठवड्यात आम्ही मांडणी बांधली. कशी, ते लिहून घ्या.

बांबूच्या कामट्यांच्या चार चौकटी करा, 3 फूट लांब, 2 फूट रुंद. त्यावर खिडकीची नवी नायलॉन जाळी ताणून सुतळीने शिवा. मधे खालून एक कामटी बांधा, म्हणजे झोळ पडत नाही. उभे चार बांबू 5 फुटांचे. जमिनीपासून दीड फुटावर पहिला मजला, पुढे एकेका फुटावर बाकीचे. प्रत्येक मजल्याला आडवे बांबू बांधा आणि चौकटी त्यावर नुसत्या ठेवा, बांधू नका. काढून धुता आल्या पाहिजेत. मागच्या बाजूला एक तिरका बांबू बांधला की मांडणी डुगडुगत नाही. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

दोन गोष्टी वापरू नका. औषध लावलेली जुनी मच्छरदाणी नको, ते औषध खाण्यात जातं. आणि गंजलेल्या तारेची जाळी नको, आवळा-आमसुलासारख्या आंबट जिनसांना तर नकोच.

आता वाळवायचं कसं? मेथी, कडीपत्ता, पुदिना, शेवग्याचा पाला सावलीतच. जिथून वारा आरपार जातो अशी पडवी बघा. पाला धुऊन, पाणी निथळून, एकच थर पसरा. वरून धुतलेलं पातळ सुती कापड टाका. रोज एकदा वरखाली करा. संध्याकाळी चौकटी घरात घ्या. मिरची आणि उकडलेली हळद उन्हात, पण तीही जाळीवर. मिरचीला बुरशी आली तर ती पुन्हा वाळवून दळू नका. बुरशीचं विष उन्हाने जात नाही, फोडणीनेही जात नाही.

वाळलं कधी म्हणायचं? पाला चुरला की कुरकुरला पाहिजे, देठ कटकन मोडला पाहिजे. मिरची हलवली की बी वाजलं पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. दोन दिवसांनी झाकण उघडून बघा. आतून दमट दिसलं तर पुन्हा जाळीवर पसरा.

एका चौकटीवर अर्धा ते पाऊण किलो पाला मावतो, म्हणजे चारांवर दोन-तीन किलो. तेवढीच मेथी आणा. बाजारात स्वस्त दिसली म्हणून गाडीभर उचलू नका. आधी आपली मांडणी मोजा, मग कर्ज मागा. हा हिशेब तेव्हा मी केला असता तर त्या बायकांचे पैसे वाचले असते.

मांडणी झाल्यावर त्याच गटाने दोन किलो पाल्यापासून पुन्हा सुरुवात केली. चौथ्या दिवशी पाव किलोच्या वर सुकी मेथी निघाली, हिरवी आणि वासाची. पहिलं पाकीट मावशी मला तसंच देत होत्या. मी म्हटलं, "पैसे घ्या मावशी, वहीत लिहा." त्यांनी लिहिलं.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने एक तरी मांडणी बांधावी. अडलं तर मला बोलवा, मी कामट्या धरायला येते. आणि तुमच्या घरी आजी-सासूबाई कसं वाळवायच्या, तेही मला सांगा. यावेळी मी आधी ऐकणार आहे.