घोडेस्वार नादिया

अमेरिकेतील काऊबॉय-चित्रपटांत भरधाव घोड्यावरून उडी घेणारा इसम पुष्कळदा भित्तिपत्रकावरचा नायक नसतो. १९३९ च्या 'स्टेजकोच' चित्रपटात जॉन वेनच्या जागी जिवावरची कामे केली ती याकिमा कनट या कसलेल्या स्वाराने. चेहरा एकाचा आणि हाडे दुसऱ्याची, हा त्या व्यवसायाचा रिवाज. कनटला ऑस्करचा विशेष सन्मान लाभला तो थेट १९६७ मध्ये. मुंबईच्या चित्रसृष्टीत मात्र हा रिवाज झुगारून देणारी एक स्त्री होऊन गेली. तिचे नाव नादिया.

मूळची ती मेरी इव्हान्स. १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली. वडील ब्रिटिश सैन्यात. त्यांच्याबरोबर ती बालपणीच मुंबईस आली. पहिल्या महायुद्धात वडील कामास आले. पुढे पेशावरच्या वास्तव्यात तिने घोड्यावर मांड घालण्याची विद्या हस्तगत केली. मुंबईस परतल्यावर दुकानातील नोकरी, नृत्यमंडळी, सर्कस अशी वळणे घेत तिचे आयुष्य परळला येऊन पोहोचले.

परळच्या लवजी कॅसलमध्ये जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंची 'वाडिया मूव्हीटोन' ही संस्था होती. १९३३ मध्ये ती स्थापन झाली. थोरले बंधू डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचे भक्त. सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या या तरुणीस त्यांनी आरंभी लहान भूमिका दिल्या. आणि १९३५ मध्ये 'हंटरवाली'ची नायिका केले. बापाला बंदिवासात टाकणाऱ्या प्रधानाविरुद्ध मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन घोड्यावर स्वार होणारी राजकन्या! वितरकांचा धीर होईना. तेव्हा निर्मात्यांनीच चित्रपट प्रदर्शित करण्याचे धाडस केले, आणि तो आठवडेच्या आठवडे चालला.

तिचे हिंदी उच्चार सदोष होते, अभिनयही बेताचाच. मग पिटातल्या प्रेक्षकाने तिला एवढे डोक्यावर का घेतले? पडद्यावर बाई उडी घेते ती खरीच घेते, हे त्याला ठाऊक होते. धावत्या घोड्यावर तीच असे. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये आगगाडीच्या टपावर झुंजणारीही तीच. 'पंजाब का बेटा' हा तिचा घोडादेखील लोकांच्या ओळखीचा झाला होता. ज्या काळी पडद्यावरील स्त्रीने बहुधा रडावे आणि सुटकेची वाट पाहावी, त्या काळी ही बाई इतरांची सुटका करीत होती. आणि त्यासाठी लागणारा धोका दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलीत नव्हती.

सुशिक्षित रसिकाने स्टंटपटांकडे नाक मुरडले. १९४२ मध्ये लवजी कॅसलच्या जागी शांतारामबापूंचे 'राजकमल' उभे राहिले. १९६१ मध्ये नादिया होमी वाडियांशी विवाहबद्ध झाली आणि १९६८ च्या 'खिलाडी'नंतर पडद्यावरून निवृत्त झाली. १९९३ मध्ये वाडिया घराण्यातीलच रियाद वाडिया यांनी तिच्यावर अनुबोधपट केला, तेव्हा नव्या पिढीस तिची ओळख पटली. १९९६ मध्ये मुंबईतच तिचे निधन झाले.

आजही पडद्यावर घोडा कोसळतो, स्वार उधळला जातो आणि प्रेक्षक नायकासाठी टाळी वाजवितो. ती टाळी ज्याने हाडे पणाला लावली त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. नादियाच्या वाट्याला आलेली प्रत्येक टाळी मात्र तिने स्वतःच्या अंगावर झेललेल्या धोक्याची होती.