सावलीची वाटणी

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



चैत्राची पालवी फुटली की मराठी घराची दिनचर्या बदलते. माळ्यावरचा माठ खाली येतो. विदर्भात कूलरच्या ताट्यांना नवा वाळा भरला जातो. कोकणात खळ्यात झापांचा मांडव उभा राहतो. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात दुपारचा वावर मधल्या अंधाऱ्या खोलीत हलतो. प्रदेश निरनिराळे, पद्धती निरनिराळ्या. पण या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच असतो. घरातील माणसांना सावली, पाणी आणि विश्रांती मिळावी.

तथापि एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. या तीन गोष्टी घरातील कोणाच्या वाट्याला किती येतात? घर थंड झाले असे कुटुंबप्रमुख म्हणतो, तेव्हा ते कोणासाठी थंड झालेले असते?

हा प्रश्न किरकोळ नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात एक भव्य जाहीर कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने १४ जणांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशी परिसरात नोंदले गेलेले तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. चंद्रपूर, अकोला, जळगाव येथील माणसाला हा आकडा सौम्य वाटेल. परंतु मानवी शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता निथळतो आणि शरीरातील उष्णता आतच कोंडते. म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून.

गुजरातमध्ये मे २०१० मधील भीषण लाटेनंतर अहमदाबाद महानगराने २०१३ मध्ये देशातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. पूर्वसूचना, पाण्याची सोय, रुग्णालयांची सज्जता या गोष्टी शासन करू शकते. मात्र शासनाचा आराखडा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. उंबरठ्याच्या आतील आराखडा कुटुंबालाच आखावा लागतो.

घराचे साधे शास्त्र

ऊन घरात शिरते ते छपरातून, पश्चिमेच्या भिंतीतून आणि उघड्या खिडक्यांतून. त्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या व पडदे बंद करावेत आणि बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा थंड झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. गच्चीवर दिलेला पांढरा चुना ऊन परतवून लावतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्याचा गुण पहिल्याच आठवड्यात कळतो.

माठ, वाळ्याचा पडदा आणि कूलर ही तिन्ही साधने बाष्पीभवनावर चालतात. कोरड्या हवेत ती उत्तम काम करतात. त्यातही कूलर लावलेल्या खोलीची एखादी खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा आतच साठते. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत मात्र कूलरचा उपयोग फारसा होत नाही. तिथे वाहता वारा, कौलाखालची पोकळी आणि पडवीची सावली हेच खरे आधार होत. पंख्यालाही मर्यादा आहे. खोलीचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी ओला पंचा अंगाभोवती घेणे किंवा हातपाय वारंवार पाण्याने भिजवणे आवश्यक ठरते.

येथपर्यंतचे शास्त्र बहुतेक घरांना ठाऊक असते. अडचण त्यापुढे आहे. घरातील सर्वांत थंड खोली कोणाची? पुष्कळदा ती मिळवत्या माणसाची असते किंवा अभ्यास करणाऱ्या मुलाची असते. आजी-आजोबांची खाट मात्र वर्षानुवर्षे पश्चिमेच्या त्याच खोलीत असते, कारण ते तक्रार करीत नाहीत. वास्तविक उन्हाचा सर्वाधिक धोका त्यांनाच असतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असूनही तोंडाला तहान लागत नाही. ‘तहान लागली की पाणी मागा’ असे वृद्धांना सांगणे म्हणूनच पुरेसे नसते. ठराविक वेळाने पेला त्यांच्या हातात द्यावा लागतो. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरलेले आहे, किंवा ज्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्याविषयी उन्हाळ्याच्या आरंभीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. ज्यांची मुले पुण्याबाहेर, मुंबईबाहेर किंवा सातासमुद्रापार आहेत, अशा एकट्या वृद्धांसाठी शेजाऱ्याकडे दाराची एक किल्ली आणि दुपारचा एक दूरध्वनी, एवढी व्यवस्था प्राणरक्षक ठरू शकते.

स्वयंपाकघरातील ऊन

बाहेरचे ऊन सर्वांना दिसते, स्वयंपाकघरातील ऊन कोणाला दिसत नाही. ज्योत हलते म्हणून ओट्याजवळ पंखा लावता येत नाही. बाहेर ४२ अंश तापमान असताना दुपारी बारा वाजता गरम पोळी ताटात पडावी, अशी अपेक्षा अनेक घरांत आजही असते. आणि ती पोळी भाजणारी गृहिणी सर्वांचे जेवण उरकल्यावर, दोनच्या पुढे, कधी पाटावर बसते, कधी उभ्यानेच दोन घास खाते. गृहिणीला अन्नपूर्णा म्हणणाऱ्या समाजाने तिच्या माथ्यावरच्या घामाचाही हिशेब ठेवायला हवा.

परंपरेकडे डोळसपणे पाहिले तर तिने हा हिशेब ठेवलेला दिसतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ घ्या. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटायची, कैरी किसून घालायची, वरून फोडणी द्यायची. चुलीचे काम काय ते तेवढेच. पन्ह्यासाठी कैरी एकदाच उकडायची, मग गूळ, मीठ आणि वेलची. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ भरून काढणारे हे पेय आहे. सातूचे पीठ, ताक, दहीपोहे, कोकणात आमसुलाचे सार, देशावर ज्वारीची आंबील या साऱ्या पदार्थांत एकतर विस्तव थोडा लागतो किंवा तो सकाळीच उरकता येतो. उन्हाळ्याचा स्वयंपाक नऊ-साडेनऊपूर्वी आटोपावा आणि संध्याकाळी शक्य तितके बिनविस्तवाचे जेवण असावे, असा नियम घराने केला, तर त्यात परंपरेचा मान आहे आणि गृहिणीचाही.

वाळवणाचेही तसेच आहे. कुरडया, सांडगे, पापड, बटाट्याचा कीस हे उन्हाचे वरदान खरे. परंतु चीक शिजवण्याचे काम पहाटे व्हावे, गच्चीवर खाटा आणि साड्या नेण्याचे काम पुरुषांनी करावे, आणि कावळ्यांची राखण मुलांनी जिन्याच्या सावलीत बसून करावी. सुट्टीतील मुलांना हे काम शिबिराइतकेच शिकवून जाते.

तुळशीची गळती

वैशाखात तुळशीवर किंवा शंकराच्या पिंडीवर छिद्र पाडलेले भांडे टांगून थेंबथेंब पाण्याची गळती लावण्याची प्रथा आहे. ठिबक सिंचन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली ही प्रथा सांगते की, एकदम ओतलेल्या घागरीपेक्षा मुळाशी सावकाश उतरणारे पाणी रोपाला अधिक मानवते.

घराच्या बागेत याचा विस्तार सहज करता येतो. लेप नसलेले एक लहान मडके कुंडीत किंवा आळ्यात गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकणी ठेवावी. मातीच्या अंगातून पाणी झिरपत राहते आणि दोन दिवसांच्या गावच्या फेरीतही रोप तग धरते. कुंडीतील मातीवर पाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा. गच्चीवरील कुंड्या चहूबाजूंनी तापतात, म्हणून त्या एकमेकींना लागून ठेवाव्यात. कडेच्या कुंड्या मधल्यांना सावली देतात. मोगऱ्याला ऊन हवे असते, त्याला आत ओढू नये. कोवळ्या रोपांवर मात्र दुपारी जाळी धरावी. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे.

हे पाणी कोठून आणायचे, हाही प्रश्न आहेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी एका बादलीत साठवले तर आठ-दहा कुंड्या त्यावर जगतात. त्यातच पक्ष्यांसाठी उथळ परळ भरून सावलीत ठेवावा आणि पाणी रोज बदलावे.

उंबरठ्याबाहेर

सावलीची वाटणी घराच्या चार भिंतींत संपत नाही. धुणीभांडी करणारी बाई दुपारी एकला दुसऱ्या घराकडे निघते. पहारेकऱ्याची पत्र्याची चौकी भट्टीसारखी तापते. घरपोच सामान आणणारा तरुण चार जिने चढून येतो आणि सही घेऊन परततो. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ, छत्री, पंखा, पादत्राणे दान देण्याची पद्धत आहे. ही सारी दाने उन्हात चालणाऱ्या माणसासाठी आहेत. तो माणूस आज याच रूपांत दाराशी उभा असतो. दारात माठ आणि पेला, चौकीच्या पत्र्यावर चुना व गोणपाट, कामवाल्या बाईंना दुपारऐवजी सकाळची वेळ, हे आजचे उदककुंभ होत. गावोगावचे कार्यकर्तेही चैत्र-वैशाखातील बैठका व मेळावे पहाटे अथवा सायंकाळी ठेवतील, आणि मांडव व पाणी यांची सोय झाल्याशिवाय माणसे जमवणार नाहीत, एवढे व्रत घेतले जावे.

एवढी काळजी घेऊनही कोणाला ऊन लागलेच, तर काय करायचे, हे घरातील दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असावे. नुसता थकवा आणि गरगरणे असेल तर माणसाला सावलीत आडवे करून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून घोटघोट पाजावे. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसावा इतके तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून त्वरित १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर सतत पाणी मारून वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गाणी होतात. वर्षातील सर्वांत तप्त दिवसांत, घरात सर्वाधिक राबणाऱ्या स्त्रीला सावली, झोका आणि काही दिवसांची विसावा देणारी ही लोकरीत आहे. ज्यांना माहेर जवळ नाही, किंवा आता उरलेलेच नाही, त्यांच्यासाठी हा विसावा राहत्या घरीच घडवावा लागेल. त्यासाठी फार काही लागत नाही. या उन्हाळ्यात एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि आज दुपारी एक ते चार या वेळेत कोण कोठे होते, एवढेच प्रत्येकाने सांगावे. उद्याची वाटणी कशी करायची, ते त्या उत्तरांतूनच समजेल.